धाप लागणाऱ्या माणसाने मास्क लावून पाय कसे चालवावेत

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली जिल्ह्यात घरोघरी जाऊन पेशंट बघते, त्यातले बरेचसे सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या आक्रसून कायम धाप लागणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे. मागच्या उन्हाळ्यात ज्या आज्जींकडे जायला लागले त्यांच्या खाटेजवळ दोन मशीन होती, एक ऑक्सिजनचं आणि एक बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं. रात्री दोन्ही चालायची. दिवस उजाडला की बायपॅपवर टॉवेल टाकला जायचा आणि आज्जी खाटेवर बसून राहायच्या. संडासपर्यंत अकरा पावलं. तेवढं जाऊन आल्या की दहा मिनिटं गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायच्या. सून मला म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय खरा, पण यांना चालवतच नाही, तर व्यायाम कुठला करणार?"

तिला मी जे एकेक करून दाखवलं तेच इथे लिहिते आहे. टॉवेलखाली झाकलेलं ते मशीन दिवसा वीस मिनिटं पायांच्या कामाला लावता येतं. डॉक्टरांच्या परवानगीने आणि नीट पद्धतीने केलं, तर खाटेला टेकलेलं माणूस पुन्हा चार पावलं जास्त चालायला लागतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आधी एक समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. या आजारात हवा आत जायला जेवढा त्रास होतो त्याहून जास्त त्रास ती बाहेर पडायला होतो. श्वासनळ्या आक्रसलेल्या आणि सैल पडलेल्या असतात, श्वास सोडताना मिटतात. बसल्या जागी श्वास सोडायला वेळ असतो म्हणून निभावतं. चालायला लागलं की श्वास भराभर होतो, सोडायला वेळ कमी पडतो आणि आधीची हवा आतच अडकते. एस.टी.तले लोक उतरायच्या आतच खालचे चढायला लागले की दारात जी कोंडी होते, तशी छातीत होते. छाती फुगून राहते आणि पुढचा प्रत्येक श्वास ओढायला जास्त ताकद लागते. माणूस घाबरून बसतो. बसून बसून मांड्या बारीक होतात. अशक्त झालेले स्नायू थोड्याच कामात थकतात, त्यांच्यात आम्ल जास्त तयार होतं आणि ते आम्ल श्वास आणखी वाढवतं. म्हणून फुप्फुसाच्या पेशंटचे आम्ही पाय बघतो.

बायपॅप इथे दोन कामं करतं. श्वास आत घेताना हवा जोराने ढकलून मदत करतं, त्यामुळे बरगड्यांच्या आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूंवरचा भार कमी होतो. श्वास सोडताना थोडा दाब राखून ठेवतं, त्यामुळे मिटणाऱ्या नळ्या उघड्या राहतात. मशीनवर दिसणारे दोन आकडे याच दोन दाबांचे. त्याने फुप्फुस बरं होत नाही. पण धाप उशिरा लागते आणि तेवढ्या वेळात पायांचं काम करून घेता येतं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिचा या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा २०१४ साली निघाला होता. सहा अभ्यास, सगळे मिळून १२६ पेशंट. मास्क लावून व्यायाम केला तर जास्त जोर लावून करता येतो असं त्यात दिसलं. पण शेवटी चालण्याची क्षमता त्यामुळे वेगळी अशी वाढते का, हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नव्हता. म्हणून प्रत्येकाला मास्क लावा असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी रात्रीसाठी बायपॅप आधीच दिलेलं आहे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि ऑक्सिजन लावूनसुद्धा दोन मिनिटं पाय चालत नाहीत, त्यांच्यासाठी हे आहे. बाकीच्यांना नुसता ऑक्सिजन, किंवा नुसती श्वासाची पद्धत पुरते.

परवानगी आणि तपासण्या

छातीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "दिवसा व्यायामाच्या वेळी बायपॅप लावलं तर चालेल का?" एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये हवेचे मोठे फुगे दिसत असतील, फुप्फुस फुटून पूर्वी छातीत हवा झाली असेल, हल्ली हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर याला हात लावू नका. ईसीजी, धमनीतल्या रक्ताची तपासणी आणि सहा मिनिटांची चालण्याची चाचणी झालेली असावी. या चाचणीत सरळ पॅसेजमध्ये, शक्यतो तीस मीटरच्या, पेशंटला सहा मिनिटांत जमेल तेवढं चालवतात आणि ऑक्सिजन किती खाली येतो ते बघतात. व्यायामाच्या वेळी ऑक्सिजन किती लिटर लावायचा हा आकडा त्यातूनच ठरतो.

डॉक्टरांकडून दोन आकडे कागदावर लिहून घ्या, बसलेलं असताना किती लिटर आणि व्यायाम करताना किती लिटर. तो कागद मशीनवरच चिकटवा. घराघरांत होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे दम लागला की ज्याच्या हाताला लागेल त्याने ऑक्सिजनचं बटण फिरवून वाढवणं. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या पेशंटला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर तो आणखी साठतो, माणूस गुंगीत जातो. अशा पेशंटचा रक्तातला ऑक्सिजन डॉक्टर बोटाच्या ऑक्सिमीटरवर साधारण ८८ ते ९२ टक्क्यांमध्ये ठेवायला सांगतात. ९८ दिसलं म्हणून आनंद मानू नका.

बायपॅपची रात्रीची सेटिंग व्यायामाला बहुतेक वेळा जमत नाही. झोपेत मिनिटाला पंधरा-सोळा श्वास असतात, पेडल मारताना तीसच्या घरात जातात. हवा लवकर यावी, आणि श्वास सोडायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून ती लवकर थांबावीही लागते. हे डॉक्टर किंवा त्यांनी पाठवलेला माणूस बसवून देईल. तुम्ही स्वतः मेनूत शिरू नका.

मशीनच्या आधीची पद्धत

ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकल्याशिवाय मी कुणालाही मास्क लावत नाही. नाकाने श्वास घ्या, एक-दोन मोजा. मग चहाची बशी फुंकतो तसे ओठ करून हळूहळू सोडा, एक-दोन-तीन-चार. जोराने फुंकायचं नाही. आज्जींना आकडे मोजून काही केल्या जमेना. मग त्यांना मी म्हटलं, "चुलीतला विस्तव फुंकता तसं नको, दुधावरची साय एका बाजूला सारता तसं फुंका." लगेच जमलं. चुलीपुढे पन्नास वर्षं गेलेली बाई. बिडी-सिगारेट कधी हातात धरली नाही, पण शेणी, तुराट्या आणि उसाच्या पाचटाचा धूर रोज छातीत गेला. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. तरी अजून "बाईमाणसाला कसला सीओपीडी" म्हणून साध्या दम्याची औषधं चालू असलेल्या बायका मला भेटतात, तेव्हा जीव तुटतो.

जोर कधी लावायचा तेही शिकवा. खुर्चीतून उठताना श्वास सोडत उठायचं. पायरी चढताना पाय वर टाकताना सोडायचा. श्वास कोंडून जोर लावायचा नाही. आणि समोरून टेबल फॅनचा वारा तोंडावर येऊ द्या. चेहऱ्यावर वारा लागला की धाप कमी जाणवते, हे नुसतं मनाचं समाधान नाही, त्यावर अभ्यास झालेले आहेत. लाइट गेली तर हातपंखा.

जागा मांडणं

आज्जींच्या घरी आम्ही सोप्यात जागा केली. हाताची लाकडी खुर्ची, मागे भिंत. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊ नका, पेडल मारताना सरकते. समोर जमिनीवर ठेवायचं छोटं पेडलचं यंत्र. त्याखाली रबरी पायपुसणं टाका म्हणजे पुढे पळत नाही. मास्क लावून चालायचं म्हटलं तर मशीन बरोबर ओढावं लागतं, म्हणून घरी बसल्या जागचं पेडलच बरं. आज्जी नऊवारी नेसतात, काष्टा असल्यामुळे पेडलला काहीच अडचण नाही. पाचवारी किंवा गाऊन असेल तर निऱ्या वर खोचा. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ऑक्सिजनची नळी, यातलं काहीही पेडलजवळ लोंबता कामा नये.

बायपॅप बाजूच्या स्टुलावर, खुर्चीच्या हाताच्या उंचीला. त्याची जाड नळी डोक्याच्या मागून आणून खांद्यावर सैल चिमट्याने अडकवा. नळीचं ओझं मास्कवर आलं की मास्क एका बाजूला ओढला जातो आणि हवा डोळ्यांत जाते.

ऑक्सिजन चालू असेल तिथून दहा फुटांच्या आत देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस, शेगडी काही नको. आज्जींचा देव्हारा नेमका सोप्याच्या कोनाड्यात. संध्याकाळी दिवा लागायचा आणि आमची वेळही तीच. मी सांगितल्यावर सुनेने व्यायामाची वेळ सकाळी साडेदहाची केली आणि आज्जींची पूजा त्याआधी उरकायची ठरवली. नाकात नळी घालून देवापुढे दिवा लावणं हे मी दोन घरांत बघितलंय, आणि दोन्ही वेळा काळजाचा ठोका चुकलाय. केसांना चपचपीत तेल, चेहऱ्याला व्हॅसलीन लावलेलं असेल तर तेही आधी पुसून काढा. ओठ कोरडे पडत असतील तर पाण्याचं जेल मिळतं, ते लावा.

मास्कची सवय

पहिल्या दिवशी पट्टे बांधायचेच नाहीत. मशीन चालू करा आणि मास्क पेशंटच्या स्वतःच्या हातात द्या. त्यांनीच तो नाकातोंडाशी धरायचा, नको वाटला की काढायचा. आज्जी म्हणाल्या होत्या, "पोरी, रात्री झोपेत कळत नाही गं, जागेपणी हे गुदमरतंय." काढणं आपल्या हातात आहे हे कळलं की ती भीती उतरते. दोन दिवस असंच पाच-पाच मिनिटं बसा. मग पट्टे लावा.

पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. इथे माझ्याकडून चूक झाली होती. पहिल्या आठवड्यात हवा बाजूने सुटत होती म्हणून मी पट्टे घट्ट ओढत गेले. तिसऱ्या दिवशी आज्जींच्या नाकाच्या हाडावर लाल चट्टा उठला, चौथ्या दिवशी कातडी सोलवटली. व्यायाम तर बंद पडलाच, रात्रीचा मास्कही चार रात्री नीट लावता आला नाही. खरं कारण नंतर सापडलं. आज्जी व्यायामाआधी कवळी काढून वाटीत ठेवायच्या, त्यामुळे गाल आत जायचे आणि मास्क बसायचा नाही. कवळी घट्ट बसत असेल तर ती घालूनच मास्क लावा. पुरुषांच्या दाढीनेही हवा सुटते. थोडी हवा सुटली तरी चालते, मशीन ती भरून काढतं, फक्त डोळ्यांकडे जाऊ देऊ नका. मास्कवर किंवा नळीवर जी बारीक भोकं असतात ती सोडलेली हवा बाहेर जायला असतात, ती चुकूनही बोटाने किंवा चिकटपट्टीने बुजवू नका. आणि पेशंटला पेसमेकर असेल तर मास्कच्या चिमट्यांत लोहचुंबक आहे का ते बघा. असल्यास बिनचुंबकाचा मास्क घ्या.

प्रत्यक्ष व्यायाम

जेवणानंतर किमान दीड तास जाऊ द्या. पोट भरलेलं असताना मास्कची हवा पोटात जाऊन मळमळतं. डॉक्टरांनी दिला असेल तो पंप पंधरा-वीस मिनिटं आधी घ्या. छातीत कफ असेल तर आधी खोकून काढा, मास्क लावल्यावर काढता येत नाही.

मग हा क्रम. आधी बायपॅप चालू, मग त्याला जोडलेला ऑक्सिजन. बंद करताना उलटं, आधी ऑक्सिजन, मग बायपॅप. बायपॅप बंद आणि ऑक्सिजन चालू असं राहिलं तर ऑक्सिजन मशीनमध्ये साठतो आणि आगीचा धोका होतो. बोटाला ऑक्सिमीटर लावा. नेलपेंट नको, बोटं गार असतील तर हात चोळून गरम करा. पेडल मारताना हात हलला की आकडा नाचतो, म्हणून हात खुर्चीच्या दांडीवर स्थिर ठेवा आणि आकडा दहा-पंधरा सेकंद टिकला तरच खरा माना.

दोन मिनिटं नुसतं बसून मास्कमध्ये श्वास. मास्कच्या आत ओठांचा चंबू करायची गरज नाही, सोडताना लागणारा दाब मशीनच देतं. नुसता सावकाश सोडा. मग एक मिनिट पेडल, एक मिनिट विश्रांती. विश्रांतीतही मास्क तसाच. पहिल्या दिवशी असे चार फेरे पुरेत. जे तीस सेकंदांतच थकतात त्यांनी तीस सेकंद पेडल, तीस सेकंद थांबा. सलग दहा मिनिटं करायचा हट्ट धरू नका. मध्ये थांबत केलं तरी पायांना तेवढाच फायदा मिळतो आणि छातीत हवा कमी अडकते.

मास्कमुळे बोलता येत नाही, म्हणून आमची बोटांची खूण ठरलेली आहे. धाप किती लागली ते आज्जींनी बोटांनी दाखवायचं. एक बोट म्हणजे अगदी थोडी. तीन म्हणजे मध्यम. चार बोटं दिसली की काम बरोबर चाललंय. पाच बोटं म्हणजे आता थांबवा. दवाखान्यात शून्य ते दहाची बोर्गची मोजपट्टी वापरतात, तिचा खालचा अर्धा भाग एका हातात मावतो. दोनच बोटं दिसत राहिली तर पेडलचा जोर किंचित वाढवा, कारण काही न जाणवणाऱ्या व्यायामाने मांडीत ताकद येत नाही.

ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला तर पेडल थांबवा, मास्क ठेवा, वर येईपर्यंत बसा. एक-दोन मिनिटांत येतो. येत नसेल किंवा रोजच खाली जात असेल तर डॉक्टरांना फोन करून लिटरचा आकडा पुन्हा ठरवून घ्या. बायपॅपची हवा जोरात येत असल्याने त्यात ऑक्सिजन पातळ होतो, त्यामुळे नाकातल्या नळीला पुरणारे लिटर इथे कधीकधी पुरत नाहीत. तेही डॉक्टरच ठरवतील.

लाइट गेली तर? मास्क ताबडतोब चेहऱ्यावरून काढायचा. मशीन बंद असताना मास्कमध्ये सोडलेली हवाच परत आत जाते. ही गोष्ट घरातल्या नातवंडांनासुद्धा शिकवून ठेवा. पट्टा सोडायचा चिमटा कुठे आहे ते प्रत्येकाला डोळे मिटून सापडलं पाहिजे. ऑक्सिजनसाठी बी-टाइप सिलिंडर भरून कोपऱ्यात ठेवा. त्यात साधारण १५०० लिटर असतात, मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरतात. तो भिंतीला साखळीने बांधा.

छातीत दुखणं, चक्कर, घाम सुटणं, ठोके अनियमित होणं, यातलं काही झालं तर त्या दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन. छातीच्या एकाच बाजूला अचानक कळ येऊन दम वाढला तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. फुप्फुस फुटलेलं असू शकतं. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसा पेंग, बोलण्यात गोंधळ, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, ही कार्बन डायऑक्साइड साठल्याची लक्षणं. अशा वेळी व्यायाम नाही, दवाखाना.

आठवड्यातून तीन ते पाच दिवस. पेडलचे फेरे हळूहळू दहापर्यंत न्या. दोन दिवसांतून एकदा नाकातली नळी लावून खुर्चीतून उठ-बस करायची, पाच वेळा, थांबून परत पाच वेळा. ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या. हात वर करून करायचे व्यायाम अगदी शेवटी घ्या. खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला लागलेले असतात, हात उचलले की ती मदत जाते. आज्जी वेणी घालताना दमायच्या त्याचं कारण हेच. आता कोपर टेबलावर टेकून घालतात.

आठवड्यातून एक दिवस मास्कशिवाय, फक्त ऑक्सिजनवर पेडल मारून बघा आणि वहीत लिहा. मास्कमध्ये मिळवलेली ताकद मास्क काढल्यावर पायात उरते का, ते त्या दिवशी कळतं. आज्जींच्या वहीत पहिल्या रविवारी सुनेच्या अक्षरात आहे, "दीड मिनिट, पाच बोटं." नवव्या रविवारी, "सहा मिनिटं, मध्ये एकदा थांबल्या, चार बोटं." व्यायाम झाला की मास्कची गादी रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा.

मग पावसाळा आला. कफ वाढला, पिवळा झाला, ताप आला. असं झालं की व्यायाम बंद ठेवायचा आणि औषधं सुरू करायची. आज्जी सहा दिवस दवाखान्यात होत्या. बहुतेक घरं इथेच सोडून देतात. घरी आल्यावर "आता आराम करू द्या" म्हणून महिनाभर खाट, आणि मांड्या परत बारीक. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याच आठवड्यात पुन्हा खुर्चीवर बसवा, आधी जेवढं करत होते त्याच्या निम्म्यापासून. आज्जी घरी आल्याच्या चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा बायपॅपवरचा टॉवेल सुनेने आधीच काढून ठेवला होता. तीस सेकंदांचे तीन फेरे झाले. आज्जींनी चार बोटं दाखवली आणि मग पाचवं अर्धं उचलून परत मिटलं.